आता बसला आवाज

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की माझ्या दुकानाच्या दाराला ओलं पोतं लागतं. शेलूबाजारात जीपा उभ्या राहतात त्याच्यासमोर, हायवेला लागून माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. या दिवसांत हवेत जी बारीक, खाजरी धूळ असते ती सगळ्यात आधी माझ्या मशीनच्या हेडमध्ये शिरते. हेडमध्ये धूळ गेली की छापताना पांढरी रेघ उमटते. ती रेघ नेमकी कुणाच्या तरी नाकावरून जाते, आणि ते नाक नेमकं गावातल्या वजनदार माणसाचं असतं. म्हणून ओलं पोतं. दर दोन तासांनी ते भिजवायला मी बाहेर येतो, आणि बाहेर आलो की रस्त्यापलीकडच्या वावरातून थ्रेशरचा आवाज कानावर येतो. कापून रचलेल्या सोयाबीनची सुडी मोडलेली असते, पेंढ्या आत जात असतात, दाणे खाली पडत असतात आणि कुटार लांब उडत असतं.

हा आवाज मला पूर्वी आवडायचा. गेल्या दोन वर्षांपासून तो सुरू झाला की माझं कशात लक्ष लागत नाही. वाढदिवसाच्या बॅनरवर मी परवा 'हार्दिक' दोनदा टाकलं आणि 'शुभेच्छा' विसरलो.

कुटार म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मळणी झाल्यावर दाणे पोत्यात जातात, आणि मागे भुसा, काड्या, शेंगांची टरफलं असं जे उरतं ते कुटार. जनावरं ते हिवाळाभर खातात. आणि कुटार हे एका बँडचंही नाव आहे. गिटार, ड्रम, स्वतः लिहिलेली गाणी, तीही वऱ्हाडीत. नाव सिद्धूनं ठेवलं. सिद्धार्थ इंझोरीचा. त्याचे वडील दादाराव यांची गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला गावोगावी त्यांना बोलावणं असायचं. घरात पेटी होती, ढोलकी होती, आणि हा पोरगा कुठून तरी जुनी गिटार घेऊन आला. "दाने तं सगळेच नेतात, गजूभाऊ," असं तो मला म्हणाला होता. "आमी मांगं राह्यलेलं घेतो."

दुसरा अक्षय. तो इथलाच, शेलूबाजारचा. घरचा थ्रेशर आहे, सोंगणीच्या दिवसांत तो वावरावावरांतून फिरवतो. त्याला ड्रम कुणी शिकवला नाही. थ्रेशरमध्ये पेंढी गेली की आवाज जड होतो, रिकामा झाला की हलका, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. पहिल्या वर्षी ड्रम नव्हता, तर धान्याची पत्र्याची कोठी उलटी घालून तो वाजवायचा. पहिलं गाणं त्यांनी त्याच्या खळ्यात, कुटाराच्या ढिगाला टेकून म्हटलं आणि मी माझ्या मोबाइलवर घेतलं. मधेच एक बैल हंबरतो. तो आम्ही काढला नाही.

ते गाणं अंगावर यायचं. सिद्धू तेव्हा थ्रेशरच्या वर आवाज काढून गायचा. मानेच्या शिरा फुगायच्या. शब्द एकेक करून छातीवर आपटायचे. रज्जाकभाई म्हणून एक जीपवाले आहेत, शेलू ते मंगरूळपीर त्यांची जीप चालते. त्यांनी ते गाणं जीपमध्ये लावायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांत या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला ते पाठ झालं. कॉलेजच्या पोरी ते गुणगुणत दुकानावरून जायच्या. मी उगाच मान वर करून बघायचो, जणू ते मीच लिहिलंय.

उगाच तरी कसं म्हणू? त्यात माझं काही होतंच. तालमी माझ्या दुकानात व्हायच्या. मागच्या खोलीत फ्लेक्सचे रोल असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. हे दोघं तिथं वाजवायचे, मी पुढे मशीनवर. आणि माझ्या तोंडात एक शब्द कायम असायचा, आजही आहे. गिऱ्हाईक दहा बाय आठचा फ्लेक्स सांगतं आणि त्यात चाळीस माणसांचे फोटो, सगळ्यांची नावं, हुद्दे, वर देव, खाली मोबाइल नंबर, आणि मधे वाढदिवसवाला एवढा मोठा, असं सगळं मागतं. मी तासभर सरकवत राहतो. हा थोडा लहान, तो थोडा वर, 'मित्रमंडळ' दोन ओळींत. आणि एका क्षणी सगळं आपापल्या जागी जातं. तेव्हा मी मागे रेलून म्हणतो, "बसलं." आमच्या धंद्यात याच्यापुढे कौतुक नाही. मॅटर बसलं. आता त्याला हात लावायचा नाही.

सिद्धूनं तो शब्द उचलला. मागच्या खोलीत एखादं कडवं नीट आलं की तो दारातून डोकं बाहेर काढायचा, "गजूभाऊ, बसलं काय?" मी कधी म्हणायचो, बसलं. कधी म्हणायचो, थोडं बाहेर जाऊन राह्यलं, दाब. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, तरी तो दाबायचा. असं करत करत तो नियमच झाला, की मी 'बसलं' म्हटल्याशिवाय कुटारचं गाणं बाहेर जात नाही. घरी मनीषा, म्हणजे माझी बायको, मला चिडवायची, "तुमाले काय समजते त्यातलं?" मला काही समजत नव्हतं. पण मला विचारलं जात होतं, आणि माणसाला तेवढं पुरतं.

मग सिद्धू पुण्याला गेला. तिथं त्याला काम मिळालं. अक्षय शेताचं पाहून अधूनमधून जायचा. तिथं त्यांना आणखी दोघं भेटले, एक कीबोर्डवाला आणि एक बेस म्हणतात ती गिटार वाजवणारा, जी वाजतेय ते फक्त पोटाला कळतं. वर्षभर काहीच आलं नाही. फोन यायचे, आधी आठवड्याला, मग महिन्याला. मग दोन वर्षांपूर्वी, अशाच सोंगणीच्या दिवसांत, एका दुपारी अक्षयनं गाण्याची लिंक पाठवली. गाणं बाहेर पडलेलं होतं. लोकांनी ऐकून झालेलं होतं. 'बसलं काय' म्हणून मला कुणी विचारलेलं नव्हतं.

आणि गाण्यावर लावलेलं चित्र. तेही पुण्यात केलेलं. नुसता राखाडी रंग आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कुटार'. पहिलं 'कुटार' मी काढलं होतं, पिवळ्याजर्द अक्षरांत, 'ट' च्या पोटात शेंग. ती शेंग काढायला मला दोन दिवस लागले होते. मला राग आला, तो आधी त्या शेंगेचा आला. हे मी आज सरळ लिहितो, तेव्हा मात्र मला वाटलं की मला गाणंच आवडलं नाही.

गाणं ऐकलं ते असं. दारात ओलं पोतं, आत मशीन चालू, मोबाइल टेबलावर. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसता एक घुमणारा स्वर. मग सिद्धूचा आवाज. पण तो खालून येत होता, शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच बोलत असावं तसा. शिरा फुगलेल्या नाहीत, छातीवर काही आपटत नाही, शब्द निम्मे आतल्या आत. आणि दीड मिनिटानं सगळं थांबलं. पूर्ण शांत. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मोबाइल उचलून बघितलं तर नेटवर्क होतं, गाणं पुढे सरकत होतं, अजून चार मिनिटं बाकी होती, फक्त आवाज काही नव्हता. मी एक, दोन, तीन असं मोजलं. सातपर्यंत मोजलं आणि बंद केलं.

त्या आठवड्यात सगळ्या रस्त्याला मत होतं. रज्जाकभाईंनी ते जीपमध्ये लावलं, शांततेच्या जागी पॅसेंजर म्हणाले, भाई तुमचा टेप बिघडला. त्यांनी जुनं गाणं परत लावलं आणि दुकानासमोर जीप थांबवून मला म्हणाले, "गजूभाई, ये गाना है के दवाखाना? पेशंट सो गया बीचमेच." चहाच्या टपरीवर एकाचं म्हणणं, पुन्याचं पानी लागलं पोट्ट्याले. दुसऱ्याचं म्हणणं, मोठा झाला आता तो, त्याले आपलं काय. गाण्याच्या व्हिडिओखाली लोक लिहीत होते. जुनं कुटारच बरं होतं. शब्द गिळून राह्यला भाऊ. हे गाणं हाय का थ्रेशर बंद पडला? मधेच कुणी परगावचं लिहायचं की मी हे रोज ऐकतो, याच्यामुळे मला झोप लागते, आणि त्याच्याखाली आमचे लोक लिहायचे, झोपच लागते भाऊ.

दादाराव तेव्हा होते. औषधं घ्यायला शेलूला आले की माझ्याकडे बसायचे. पांढरा सदरा, खिशाला पेन, सत्तरीतही ताठ. मी विचारलं, काका, सिद्धूचं नवं गाणं आयकलं काय? ते म्हणाले, "चाल बरी हाय. पर शब्द आयकू नाई येत. आमी गायचो ते शब्दासाठी गायचो, गजानन. मांगं बसलेल्या बाईले शब्द समजला पाह्यजे, तवा ते गानं. नाईतं मंग कायले गावं?" चिडून म्हणाले नाहीत. ज्यासाठी जन्मभर घसा ताणला ते पोरानं खाली ठेवलं, असा तो चेहरा होता.

मनीषानं मात्र ते पूर्ण ऐकलं. ती तूरडाळ निवडत होती, मोबाइल पाटावर ठेवलेला. मी जेवायला आलो तर डोळे पुसत होती. म्हणाली, "मले आवडलं. काहून आवडलं ते नाई सांगता येत. तुमी पुरं आयका." मी म्हटलं, आयकतो. जेवलो आणि दुकानात गेलो.

लोक माझ्याकडे वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो देतात तो पंधरा वर्षांपूर्वीचा असतो. डोक्यावर तेव्हाचे केस, गालावर तेव्हाचं मांस. माणूस समोर उभा असतो टक्कल घेऊन आणि म्हणतो, हाच टाका, लोक याच फोटोनं वळखतात. मी हसतो मनात. पण त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी सिद्धूला हेच सांगितलं. तुझा तो जुना फोटोच लाव, कुटाराच्या ढिगाला टेकलेला, शिरा फुगलेला. आम्हाला तू तसा आवडला होतास. पुढे तुझं काय झालं ते आम्हाला दाखवू नकोस. आवड ही अशी आडमुठी असते. ती माणसाला एका जागी उभं करून ठेवते आणि त्यालाच प्रेम म्हणते.

त्याच दुपारी मी मोबाइल उघडला आणि गाण्याखाली लिहिलं, 'आता बसला आवाज.'

हे वाक्य मी इतक्या वेळा उलटसुलट केलं आहे की त्याचे कोपरे झिजले. आवाज म्हणजे बँडचा आवाज, सगळ्यांचा मिळून होतो तो. आणि बसला म्हणजे माझ्या धंद्यातला बसला, आपापल्या जागी गेला. असं मी कुणालाही सांगू शकलो असतो. पण शब्द एकट्या माझ्या दुकानाचा नाही. दुकानाबाहेर आवाज बसला म्हणजे घसा गेला. फटाके बसले म्हणजे फुसके निघाले. धंदा बसला म्हणजे शटर पडलं. पंधरा वर्षं मी या गावात दोन्ही पार्ट्यांचे बॅनर छापतो. दोघांनाही चालेल आणि कुणीच मला जाब विचारणार नाही, असा शब्द शोधणं ही माझी सवय आहे. बोटांनी त्या दिवशी तेच केलं. कौतुक म्हणून धरलं तर कौतुक, टोमणा म्हणून धरला तर टोमणा. मला दोन्हीकडून सुटता यावं, एवढीच सोय मी पाहिली.

लोकांनी टोमणा धरला. अंगठ्यांची नि हसऱ्या तोंडांची ओळ लागली आणि माझं वाक्य सगळ्यांत वर जाऊन बसलं. खाली कुणीतरी लिहिलं, 'गजूभाऊनं बरोबर पकडलं, घसाच बसला त्याचा.' आणखी कुणी, 'बँडच बसला बाप्पा.' टपरीवर लोक मला म्हणायला लागले, काय लिवलं भाऊ, एका वाक्यात निकाल. मी म्हणू शकलो असतो, अरे नाही, माझा अर्थ तसा नव्हता. एक ओळ लिहायची होती. त्याऐवजी त्या 'घसाच बसला'वाल्याच्या वाक्यावर मी हसरं तोंड टाकलं. फार दिवसांनी लोकांनी मला काहीतरी विचारल्यासारखं वाटत होतं. मला ते सोडवलं नाही.

दिवाळी झाली. अक्षय थ्रेशर धुवायला दुकानामागच्या हौदावर आला होता. पाणी मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "गजूभाऊ, तुमाले मालूम नव्हतं म्हून सांगतो. त्याच्या घशात गाठी आल्या. अकोल्याच्या डाक्टरनं उन्हाळ्यात सांगतलं, वरचा सूर लावशीन तं जे हाय थेही जाईन. म्हून थो खाली गाते. आमी सगळं गानं त्याच्या आवाजाच्या मापानं केलं." मग पाण्याचा पाइप बंद करून म्हणाला, "त्यानं कोनाले सांगू नोको म्हटलं. लोक कीव करतीन म्हने."

मापानं केलं. आयुष्यभर मापात बसवण्याचं काम करणाऱ्या मला ते दीड मिनिटात ऐकू आलं नव्हतं. वर्षानुवर्षं थ्रेशरच्या वर ओरडून जो आवाज आम्ही त्याच्याकडून काढून घेतला, वाहवा करून करून काढून घेतला, तो संपला होता. उरलेलं घेऊन तो गात होता. बँडचं नावच तर तसं होतं, आणि आम्ही विचारत होतो, दाणे कुठं गेले.

तरी मी त्याला फोन केला नाही. हेच खरं सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. रोज वाटायचं, आज करू. मग वाटायचं, काय म्हणू? मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर तो टोमणाच होता हे कबूल. कौतुक होतं म्हटलं तर ते हसरं तोंड. मी ते वाक्य काढूनही टाकलं नाही, कारण काढलं तर तो समजेल की मला लाज वाटली. असा गाढवपणा करत मी दोन सोंगण्या काढल्या. कुटारचं पुढे गाणं आलं नाही. रज्जाकभाईंनी जीप विकून दुसरी घेतली, तिच्यात टेप नाही.

यंदाच्या पावसाळ्यात दादाराव गेले. मी इंझोरीला गेलो होतो, पण गर्दीत मागे उभा राहिलो आणि सिद्धू वळायच्या आत निघालो. आणि आता बारा दिवसांपूर्वी, भर दुपारी, ओलं पोतं बाजूला करून तो दुकानात आला. दाढी वाढलेली, थोडा वाळलेला. आवाज खालचा, कोरडा, प्रत्येक शब्द जपून खर्च करावा तसा.

"बाबाचं पुण्यानुमोदन हाय, गजूभाऊ. फ्लेक्स पाह्यजे."

तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला, पूर्वी बसायचा त्याच जागी. पुण्यानुमोदन म्हणजे बौद्ध घरात गेलेल्या माणसाच्या आठवणीचा कार्यक्रम, मी तशी फाइल उघडली. फोटो चांगला होता, पेटीपुढे बसलेले, डोळे मिटलेले. मी नाव टाइप केलं. 'कालकथित दादाराव.' कुठल्या घरी 'कैलासवासी' लिहायचं आणि कुठल्या घरी 'कालकथित', यात माझी चूक होत नाही, एवढं तरी मी या धंद्यात कमावलं. पुढे विचारलं, शोकाकुल कोण कोण?

"कोनी नाई."

"नातेवाईक, गावकरी मंडळी?"

"नाई. नाव, आन त्याच्याखाली नुसतं 'गायक, इंझोरी'. बास."

दहा बाय आठ. डाव्या हाताला फोटो, खाली दोन ओळी, बाकी सगळं पांढरं. मला ते बघवेना. मी फुलांची किनार टाकून पाहिली. तो म्हणाला, काढा. समई टाकली. काढा. मी म्हटलं, "अरे एवढी जागा मोकळी? लोक म्हणतीन फ्लेक्स अर्धाच छापला."

"राहू द्या. मोकळी राहू द्या," तो म्हणाला.

मी नाव थोडं वर घेतलं. फोटो एक बोट आत सरकवला. आणि एकाएकी ते पांढरं रिकामं वाटेना. दादारावांनी सूर लावण्याआधी डोळे मिटले आहेत, सगळी सभा गप्प आहे, आणि ती शांतता म्हणजेच ते पांढरं, असं मला दिसलं. मी मागे रेललो आणि सवयीनं तोंडातून निघालं, "बसलं."

रस्त्यापलीकडे थ्रेशर चालू होता. मी स्क्रीनकडेच बघत होतो.

"गजूभाऊ," तो म्हणाला, "तवा तुमी पुरं गानं आयकलं होतं काय?"

सुटायला जागा होती. हो म्हटलं असतं तर त्यानं आणखी काही विचारलं नसतं. मी म्हटलं, "नाई. दीड मिनिट."

त्यानं मान हलवली. "तुमी लिवलं ना, तवा मले वाटलं तुमी शेवटपर्यंत आयकलं. दोन दिवस मी लय खूश होतो. पुन्यात सगळ्याले दाखोलं, पाहा म्हटलं, गजूभाऊनं वळखलं."

"मंग?"

"मंग तुमी हासले."

फ्लेक्स छापून झाला. त्यानं गुंडाळी काखेत घेतली. पोतं बाजूला करून बाहेर जाता जाता थांबला आणि म्हणाला, "आयका कवातरी. मांगून नोका आयकू, पह्यल्यापासून." आणि गेला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

काय ओळखलं असं त्याला वाटलं होतं, ते मला तेव्हा कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बंद केलं, शटर अर्धं ओढलं, आणि मोबाइल कानाशी धरून पहिल्यापासून ऐकलं. तो स्वर. तो खालचा आवाज. या वेळी शब्द ऐकू येत होते, फक्त त्यांच्याजवळ जावं लागत होतं, ते आपल्याकडे येत नव्हते. दीड मिनिटानं शांतता. मी मोजलं नाही. खरं तर ती पूर्ण शांतता नव्हतीच. फार हळू, अगदी दुरून एक खर्र येत होता आणि परत जात होता. येत होता, जात होता. हळूहळू मोठा झाला तेव्हा लक्षात आलं, ते माझं मशीन होतं. फ्लेक्सवरून हेड इकडून तिकडे जातं तो आवाज. त्या तालावर अक्षय सुरू झाला, कोठीवर, ड्रमवर नाही. मग सिद्धू, तसाच खाली. चार मिनिटं ते माझ्या मागच्या खोलीतून गात होते.

आणि अगदी शेवटी सगळं थांबलं आणि एक माणूस बोलला. जुनं, मोबाइलवर घेतलेलं, बैल हंबरणाऱ्या त्या पहिल्या गाण्यासारखं खरखरीत. "बसलं रे बाप्पा. आता नोको हात लावू त्याले. बसलं."

कोण हा, असं मला क्षणभर वाटलं. इतक्या मायेनं बोलणारा. मग ओळखलं, तो मीच होतो.

त्यानं मला विचारलं नव्हतं, कारण माझं 'बसलं' त्यानं गाण्याच्या आतच ठेवलं होतं. त्याच्यावाचून गाणं बाहेर जात नाही, हा नियम त्यानं मोडला नव्हता. आणि खाली मी लिहिलेलं वाचून त्याला वाटलं होतं की मी शेवटपर्यंत पोचलो, स्वतःला ऐकलं, आणि त्याच शब्दानं उत्तर दिलं. दोन दिवस.

मी ते वाक्य काढायला अंगठा नेला. नेला आणि थांबलो. दोन वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य खरं झालं होतं. ते राहू दिलं. खालचं माझं हसरं तोंड तेवढं काढलं. बाकीच्यांची हसरी तोंडं तशीच आहेत, ती माझ्या हातात नाहीत.

सिद्धूला काय लिहावं, यावर दोन दिवस गेले. चाळीस माणसं दहा बाय आठमध्ये बसवणाऱ्या मला एक ओळ बसवता येईना. माफी लिहिली, पुसली. मशीनचा आवाज ओळखला असं लिहिलं, पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'पुरं आयकलं.'

त्यानं वाचलं आहे, तशी खूण आली. नऊ दिवस झाले. उत्तर नाही. अक्षय परवा थ्रेशर घेऊन रस्त्यानं गेला, हात केला, थांबला नाही. सोंगणी उरकत आली आहे. अजून आठ-दहा दिवस पोतं भिजवावं लागेल, मग ही धूळ बसेल. सिद्धूला फोन करावा, काहीतरी बोलावं असं रोज दुपारी वाटतं, कारण मोकळी जागा मला बघवत नाही. पण मागच्या वेळी मी अशाच शांततेत सातपर्यंत मोजून बंद केलं होतं. या वेळी मोजत नाही. थांबलो आहे.